डेटा शिकायचाय? मग समुद्राचा शिका

सीईटीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. उमरगा, कळंब, भूम, परंडा, कुठूनही फोन येवो, प्रश्न तोच: "सर, एआय-डेटा सायन्सला नंबर लागेल का? नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून कितीला बसेल?" यंदा उत्तर इथेच देऊन टाकतो. चांगल्या कॉलेजात, कॅप राउंडमधून, मेरिटवर मिळत असेल तर खुशाल घ्या. पण जिथे शिकवायला धड माणूस नाही अशा ठिकाणची सीट केवळ नावावर भाळून, शेत विकून घेणार असाल, तर घेऊ नका.

डेटा हा कशाचा तरी असतो. पिकाचा, रोगाचा, पावसाचा, समुद्राचा. तो विषयच कळत नसेल तर पाठ केलेल्या चार प्रोग्रामला कोण विचारणार? तेवढं काम आता सॉफ्टवेअर स्वतःच करू लागलं आहे.

नीट, इंजिनिअरिंग, फार्मसी, एमपीएससी यांवर मी इथे लिहीत नाही. त्यांची माहिती लातूरच्या चौकाचौकातल्या फलकांवर आहे. मला सांगायचंय ते किनाऱ्यालगतच्या समुद्राबद्दल: तो सेन्सरनं मोजायचा, संगणकावर त्याचं मॉडेल चालवायचं आणि त्याचं वागणं समजून घ्यायचं. या वाटेबद्दल मला कुणी पालक विचारत नाहीत.

"पण सर, धाराशिवला समुद्र कुठाय?" हैदराबादला तरी कुठाय? तरीही देशाला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र हैदराबादेतच आहे. १९९९ साली तिथे 'इन्कॉइस', म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र सुरू झालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना उंच लाटांचा इशारा आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचा अंदाज तिथून जातो. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा हायवे थेट त्याच शहरात पोचतो. निजामाच्या काळात आपल्याकडची मुलं शिकायला हैदराबादलाच जात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९१६ पासूनची. तिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत लाटा सोडून बघतात.

प्रत्यक्ष काम काय असतं? रत्नागिरीच्या समुद्रात लाटा मोजणारा बोया असतो, पाण्यावर तरंगणारा एक गोळा. लाटेबरोबर तो वर-खाली होतो आणि आतला सेन्सर ती हालचाल टिपतो. त्यावरून लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला वेळ निघतो. इकडे संगणकात समुद्राचे गणिताच्या वहीसारखे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनातली खोली, वारा, प्रवाह घालून भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवली की पुढच्या काही दिवसांचा अंदाज हाती येतो. मग मॉडेलची लाट आणि बोयाची लाट ताडून पाहायची. कधी किनाऱ्यावर वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, तरी मोठ्या लाटा येऊन धडकतात. दक्षिण हिंदी महासागरात काही दिवसांपूर्वी झालेल्या वादळानं उठवलेल्या त्या लाटा हजारो किलोमीटर पार करून आलेल्या असतात. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात. आभाळाकडे बघून हे ओळखता येत नाही; मॉडेल आधी सांगू शकतं.

आता एक बारीक गोष्ट, कारण या कामाचं मर्म तिच्यात आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं प्रमाण मोजणारा सेन्सर आपल्या उबदार समुद्रात काही आठवडे राहिला की त्याच्या काचेवर शेवाळ धरतं. आकडे हळूहळू चढू लागतात. पडद्यावर बघणाऱ्याला वाटतं, समुद्रातल्या वनस्पती वाढल्या. मग उपग्रहाचं चित्र काढायचं, पाण्याचं तापमान बघायचं, सेन्सर कधी पुसला ती तारीख शोधायची. पुसल्या दिवशी आकडा धाडकन खाली आला असेल, तर आधीची वाढ खोटी होती. हे ओळखायला एआयला शिकवता येतं, पण शिकवणाऱ्याला आधी समुद्र कळावा लागतो.

आणि समुद्राशी आपला काय संबंध, असं म्हणू नका. आपल्या शिवारात पडणारं पाणी समुद्रावरूनच येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनसाठी जी मॉडेलं चालतात, त्यांत समुद्राचा भाग असतोच. सोयाबीन पेरणाऱ्या घरातल्या मुलानं हे शिकणं मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं.

यासाठी बारावीत गणित आणि फिजिक्स पक्कं हवं. मग त्याच विषयांत बीएस्सी, जिल्ह्यातल्या कॉलेजातूनही चालेल, आणि सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. पुढे एमएस्सीला गोवा विद्यापीठ, कोचीनचं कुसॅट, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ. सिव्हिल इंजिनिअर झालेल्यांसाठी आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग. सरावाला खर्च नाही. जगाच्या समुद्रांत सुमारे ४,००० 'अर्गो' यंत्रं तरंगतात; दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येताना तापमान आणि क्षार मोजतात. ते आकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. भूममध्ये बसून ते उतरवून आलेख काढता येतो.

मात्र अडचणी लपवणार नाही. कायम सरकारी जागा थोड्या आहेत. सुरुवात बहुधा प्रोजेक्टवर, कंत्राटी असते. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पण पीएचडीला पुढची पाच-सहा वर्षं द्यावी लागतात. बंदरांना सल्ला देणाऱ्या खासगी कंपन्यांतही काम मिळतं. ज्याला चौथ्या वर्षी पॅकेज हवंय, त्यानं इकडे येऊ नये.

मुलींचे वडील विचारतात, पोरीला बोटीवर धाडायचं का? बहुतेक काम संगणकावरचं आहे. आणि बोटीवर जावं लागलं तर जाऊ द्या. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात बीएस्सी केलेल्या समुद्रशास्त्रज्ञ आदिती पंत १९८३ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या होत्या. चाळीस वर्षांनंतर तुम्ही गोव्याला पाठवायला घाबरता?

समुपदेशनाला येतात तेव्हा मी प्रश्न मुलाला विचारतो आणि उत्तर वडील देतात. आई मान हलवते, मुलगा फरशीकडे बघत राहतो. पाहुण्यांत सांगायला 'बीएस्सी' कमीपणाचं वाटतं म्हणून त्याची चार वर्षं आणि घरची जमीन दोन्ही पणाला लावणं चूक आहे, हे स्पष्ट सांगतो. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तुम्ही दोघं अर्धा तास बाहेर बसा आणि मुलाला एकट्याला बोलू द्या. त्यानं समुद्राचं नाव घेतलं नाही तरी चालेल, पण जे काही ठरेल ते त्याच्या तोंडून येऊ द्या.