पेशीतील धागा आणि रीळ

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून लोक या गावाला मानतात. नामदेवांच्या घरी शिंपीकाम चाले. सुई, दोरा आणि कापड ही त्या घराची रोजची साधने. या पाठातही एका धाग्याचीच माहिती आहे. मात्र हा धागा कोणत्याही सुईत ओवता येणार नाही इतका बारीक आहे.

नरसीच्या आसपासचा मुलूख हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद लावताना शेतकरी बी पेरत नाही. तो जमिनीतले कंद जपून ठेवतो आणि तेच बेणे म्हणून पुन्हा लावतो. हळदीला फुले येतात, पण बी क्वचितच धरते. याचे कारण हळदीच्या पेशीत आहे. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. आईवडिलांचे गुण संततीकडे नेणारी ती हीच. माणसाच्या पेशीत ती ४६, म्हणजे २३ जोड्या असतात. हळदीत ती ६३ असतात. शास्त्रज्ञ त्यांची मांडणी २१-२१ च्या तीन संचांत करतात. बी तयार होण्यापूर्वी गुणसूत्रांची जोडीजोडीने वाटणी व्हावी लागते. तिघांत जोडी कशी लागणार? म्हणून शेतकऱ्याला बेणे सांभाळावे लागते.

ही गुणसूत्रे मोजायला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. उर्दूत आपण त्याला खुर्दबीन म्हणतो. कोवळ्या मुळीचे टोक घ्यायचे, त्याला रंग द्यायचा, काचपट्टीवर हलकेच दाबायचे आणि पाहायचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून कमल रणदिवे यांनी १९४३ साली एम. एस्सी. केले, तेव्हा सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे हाच त्यांचा विषय होता. पुढे त्या कर्करोगाच्या नामवंत संशोधक झाल्या.

पण मोजणे वेगळे आणि घडण समजणे वेगळे. माणसाच्या एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. तो ज्या केंद्रकात राहतो, ते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. मग हा धागा आत गुंडाळला कसा जातो? गुंता का होत नाही? साधा सूक्ष्मदर्शक इथे हात टेकतो. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू त्याला वेगळ्या दिसत नाहीत, आणि डीएनएची जाडी तर फक्त २ नॅनोमीटर आहे. (एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात.)

१९३१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबक वापरतात. आपल्याकडे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या यंत्राच्या साहाय्याने तोंडाच्या विकारांचा अभ्यास केला. या यंत्राची एक अट मात्र कडक आहे. त्याच्या आत हवा चालत नाही. म्हणून पेशी आधी रसायनांत मारावी लागते, सुकवावी लागते, काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने तिचे अतिशय पातळ काप काढावे लागतात आणि त्यांना जड धातूंचा रंग द्यावा लागतो. हे सारे करताना पेशीतले काही विस्कटले तर? ही शंका लक्षात ठेवा.

१९७४ साली अमेरिकेत एडा आणि डोनाल्ड ओलिन्स या पतिपत्नींनी कोंबडीच्या रक्तपेशींची आणि उंदरांच्या काही पेशींची केंद्रके पाण्यात फोडली व आतले द्रव्य बारीक जाळीवर पसरले. चित्रात त्यांना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी रचना दिसली. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी हा मणी कसा बनतो ते सुचवले. आठ प्रथिनांचे एक रीळ असते आणि त्यावर डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो. एका रिळावर दोन वेढेही पुरे होत नाहीत. अशा रिळाची रुंदी सुमारे ११ नॅनोमीटर असते, आणि माणसाच्या एका पेशीत अशी कोट्यवधी रिळे असतात. शिंप्याच्या पेटीत एवढी रिळे मावली असती का?

ही रिळे पुढे कशी रचली जातात, यावर मात्र वाद झाला. मणी वळत जाऊन ३० नॅनोमीटर जाडीची दोरी बनते, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. चित्र सुबक होते, म्हणून ते सर्वांना पटलेही असावे. पण ती दोरी बहुतेक वेळा पेशीबाहेर काढलेल्या द्रव्यात दिसली होती. २०१७ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत क्लोडा ओशिया यांच्या गटाने नवी युक्ती केली. त्यांनी फक्त डीएनएला चिकटणारा रंग वापरला आणि केंद्रक न फोडता निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतली. त्यांना ३० नॅनोमीटरची एकसारखी दोरी आढळली नाही. आढळली ती ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची, वेडीवाकडी वळलेली साखळी. पेशी विभागताना तीच साखळी अधिक दाटीने बसते.

त्या पेशीही मारलेल्याच होत्या. जिवंत पेशीत ही साखळी क्षणोक्षणी कशी हलते, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दाखवू शकत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ चमकणारे रंग वापरून पुन्हा प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाकडे वळले आहेत.

स्वाध्याय
१. हळदीला बी क्वचितच का धरते?
२. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जिवंत पेशी का पाहता येत नाही?
३. ‘हात टेकणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.