आदिवासी तरुणांतील मादक पदार्थांचे संशोधन

बस्तर, सरगुजा आदी भागांतून शिक्षणासाठी किंवा रोजगारासाठी रायपूर शहरी येणाऱ्या तरुणांत गोंड, हलबा, उरांव अशा जमातींतील मुलेमुलीही असतात. त्यांच्यात मादक पदार्थांचे सेवन किती, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु त्याचे विश्वसनीय उत्तर मिळविणे हे रक्तातील साखर मोजण्याइतके सरळ काम नव्हे.

प्रथम एक आकडा घेऊ. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 75 वर्षे वयोगटातील मद्यसेवकांचे प्रमाण देशात 14.6 टक्के, तर छत्तीसगढमध्ये 35.6 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आढळले. हे वाचताच ‘आदिवासींचे राज्य, तेव्हा असे असावयाचेच’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो चुकीचा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 30.6 टक्के आहे. वयोगटांचे प्रमाण सर्वत्र सारखे धरल्यास, राज्यातील प्रत्येक आदिवासी मद्य घेतो असे मानले तरीही 35.6 हा आकडा भरत नाही! पिणाऱ्यांत इतरेजन आहेतच, आणि न पिणारे आदिवासीही असणारच.

दुसरी अडचण शब्दांची आहे. मोहाची दारू अनेक जमातींत देवाला वाहिली जाते. जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगीही ती लागते. स्वतःच्या उपयोगासाठी मर्यादित प्रमाणात ती गाळण्याची सवलत आदिवासींना कायद्यानेही आहे. सणाच्या दिवशी ओठाला लावलेला थेंब आणि वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने रोज रिचविलेली बाटली यांना ‘सेवन’ या एकाच रकान्यात कोंबले, तर मोजणी होईल, पण ज्ञान होणार नाही. म्हणून कधीतरी घेणे, गेल्या महिन्याभरात घेणे आणि घेतल्यावाचून न राहवणे या तीन अवस्था पृथक् विचाराव्या लागतात.

गुडाखूचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तंबाखू व गूळ किंवा काकवी यांचे हे लाल-काळे मिश्रण छत्तीसगढ व ओडिशात बोटाने दातांवर चोळतात. ‘तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास ते चोळणारी मुलगी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण तिच्या दृष्टीने ती केवळ दात घासते. वस्तूचे स्थानिक नाव घेऊनच प्रश्न विचारावा लागतो. तोही शक्य तर छत्तीसगढी, गोंडी वा हलबी भाषेत. (हलबीत मराठीच्या खुणा इतक्या आहेत की, आपल्यातील एखाद्या कार्यकर्त्यास ती अर्धीमुर्धी समजेल, मात्र अर्धे समजणे हाच संशोधनातला मोठा धोका होय.)

शाळेत प्रश्नावली वाटणे सोयीचे असते, पण शाळा सोडलेली मुले त्यातून निसटतात. आणि तीच बहुधा अधिक संकटात असतात. उपरोक्त पाहणीत हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के आढळले, हे येथे ध्यानी घ्यावे. अशा दडलेल्या गटापर्यंत पोहोचण्यासाठी डग्लस हेकाथॉर्न यांनी 1997 साली परिचयसाखळीची पद्धत मांडली. काही व्यक्तींना मोजक्या चिठ्ठ्या देतात. त्या आपल्या ओळखीच्यांना आणतात. ते आणखी कोणाला. ज्याचे वीस परिचित आहेत तो साखळीत येण्याचा संभव, दोनच परिचित असलेल्यापेक्षा सुमारे दहापट अधिक. म्हणून हिशेबात त्याच्या उत्तरास त्या प्रमाणात कमी वजन देतात. राष्ट्रीय पाहणीत अवैध द्रव्यांच्या आहारी गेलेल्या सत्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती याच मार्गाने मिळाली.

तुलनेचा प्रश्न उरतोच. घरापासून दूर राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची तुलना घरी राहणाऱ्या बिगरआदिवासी विद्यार्थ्याशी केली, तर फरक जमातीचा की एकाकीपणाचा, हे कसे ठरवावे? तुलना तशाच वसतिगृहातील, तशाच ऐपतीच्या मुलाशीच करावयास हवी.

आणि संमती. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची अनुमती व मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अपेक्षित आहेत. अधीक्षकासमोर भरून घेतलेला होकार हा होकार नव्हे. नाव बाहेर फुटले तर त्या मुलाचे वसतिगृहातील स्थानच जाण्याचा संभव असतो. म्हणून उत्तरपत्रिकेवर नाव नसावे, आणि ती गोळा करण्यासाठी शिक्षकाऐवजी परका माणूस नेमावा.