ट्रॅक्टर घ्यावा की सांगावा?

लखनौच्या तेलीबागेत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी लष्करी कुटुंबांसाठी हा धडा मुख्यतः लिहिला आहे. छावणी जवळ आहे, आर्मी मेडिकल कोअरचे केंद्र जवळ आहे, त्यामुळे बदली होऊन आलेला जवान रायबरेली रस्त्याच्या या बाजूला घर पाहतो. पुष्पक एक्स्प्रेसने गावाहून येताना ट्रंकेत ज्वारीचे पीठ, शेंगदाणे आणि कांदा-लसूण मसाला येतो. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की घरातले बोलणे एकाच वाटेला लागते. गावी जायचे, घरचे खायचे, जुन्या दोस्तांत राहायचे आणि दारात ट्रॅक्टर उभा करायचा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना पैसा कमी लागतो. चौथीला सगळ्यात जास्त लागतो, आणि तीच बहुतेक वेळा सगळ्यात आधी केली जाते.

जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. एएफपीपी फंड, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम आणि पेन्शनचा विकलेला भाग असे पैसे थोड्या दिवसांत खात्यात पडतात. विकलेली पेन्शन १५ वर्षांनी पुन्हा सुरू होते. म्हणजे तोवर दरमहा हातात येणारे पेन्शन कमीच असणार, आणि ही तूट भरून काढण्याचे काम त्या एकरकमी पैशाचे आहे. त्याच आठवड्यात ट्रॅक्टरच्या शोरूमला जाणे म्हणजे त्या पैशाला दुसऱ्याच कामावर पाठवणे.

आधी घरच्या खाण्याचा हिशेब मांडू, कारण गावी परतण्यातला खरा आर्थिक फायदा तिथे आहे.

‘घरचे आहे, त्याला काय पैसे पडतात’ असे आपण म्हणतो. पैसे पडतातच, बियाणाला, खताला, मजुरीला आणि नांगरटीलाही. पण फायदा कुठे होतो ते एका उदाहरणात पाहा. एक क्विंटल तूर विकली तर २०२५-२६ च्या हमीभावाने ८,००० रुपये होतात. बाजारात हा भाव मिळेलच असे नाही. तीच तूर भरडून आणली तर साधारण ७० किलो डाळ पडते. किराणा दुकानात डाळ किलोला १३० रुपये धरली, तर ७० किलोला ९,१०० मोजावे लागतात. भरडाई गेली तरी काही पैसे उरतात, आणि चुनी जनावरांना होते. जानेवारीत सगळी तूर विकून जूनमध्ये दुकानातून डाळ आणणारे घर दोन्हीकडे तोटा सोसते. आपल्या आज्या वर्षाची बेगमी आधी बाजूला काढत आणि मग उरलेले बाजाराला पाठवत. त्यात हाच हिशेब होता.

परसबागेचेही तसेच. अर्धा गुंठा जागा, न्हाणीचे पाणी अळू आणि केळीला, कुंपणावर दोडका-घेवडा, एका कोपऱ्यात शेवगा. यात लाखो वाचत नाहीत. पण रोजची भाजी विकत आणायची गरज वर्षातले आठ महिने तरी पडत नाही, आणि दोडका जास्त आला तर शेजारी जातो, शेजारची वांगी आपल्याकडे येतात. हा व्यवहार वहीत लिहू नये, तिथे हिशेब आला की वांगी थांबतात.

आता तेलीबागेत असतानाच एक काम करा. तीन महिने घरखर्च लिहून काढा. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा, गावी गेल्यावर हा खर्च उतरेल की चढेल? धान्य, डाळ, भाजी, दूध आणि घरभाडे उतरेल. पण कँटीन लांब पडेल. ईसीएचएसच्या दवाखान्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल. मोटारसायकलचे पेट्रोल वाढेल, मुलांच्या शाळेची गाडी लागेल, लग्नकार्यांचे आहेर वाढतील. बहुतेकांच्या वहीत उतरणारा आकडा मोठा निघतो, पण ज्यांची मुले आठवी-दहावीला आहेत त्यांच्या वहीत दुसरेच चित्र दिसू शकते. हा आकडा हातात आल्याशिवाय ट्रॅक्टरचा विचार करू नये.

तर ट्रॅक्टर. समजा गावी तुमच्या वाट्याला चार एकर आहे. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली मिळून ९ लाख धरू. खाली दिलेले दर उदाहरणासाठी आहेत, तिथे तुमच्या गावचे दर घाला.

हेच ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवले तर ७.४ टक्के दराने महिन्याला ५,५५० रुपये मिळतात, वर्षाला ६६,६००. एका नावावर ठेवण्याची मर्यादाही ९ लाखच आहे, संयुक्त खात्याला १५ लाख. मुद्दल पाच वर्षांनी परत मिळते. हे व्याज ठरलेले असते, महागाईबरोबर वाढत नाही, आणि दर सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर पोस्टात विचारा. पण ट्रॅक्टर घेतला की हे ६६,६०० गेले, हा पहिला खर्च. शोरूममधला माणूस तो सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो खर्चच नव्हे.

दुसरा खर्च घसारा. दहा वर्षांनी तो सगळा संच ३ लाखांना गेला असे धरा. म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये किंमत झिजली. तिसरा खर्च विमा, सर्व्हिसिंग, ऑइल आणि टायर. टायर दरवर्षी लागत नाहीत, पण लागतात तेव्हा जोडीने लागतात. सरासरी ३५,००० धरू. एकूण झाले १,६१,६००. यात डिझेलचा थेंबही नाही. (घसाऱ्याचे पैसे दरवर्षी बाजूला टाकले तर त्यावरही व्याज मिळेल, म्हणून हा आकडा थोडा जास्त आहे. जास्तच असू द्या, गिअरबॉक्स उघडायची वेळ सांगून येत नाही.)

आता दुसरी बाजू. चार एकरांची नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी आणि वाहतूक दुसऱ्याचा ट्रॅक्टर सांगून केली, एकराला वर्षाचे ६,००० धरले, तर बिल २४,००० होते.

२४,००० वाचवण्यासाठी १,६१,६०० खर्च, हे कोणालाही पटणार नाही. म्हणून पुढचे वाक्य ठरलेले असते, ‘मग बाहेरची कामे घेऊ की.’ घेऊ. तासाला १,००० रुपये भाडे धरले, त्यातून डिझेलचे ४०० आणि ड्रायव्हरचे १५० गेले, तर हातात ४५० राहतात. स्वतःच्या शेतावरही डिझेल आणि ड्रायव्हर लागतोच, त्यामुळे २४,००० पैकी खरी बचत १४,००० धरा. उरलेले १,४७,६०० भरून यायला वर्षात सव्वातीनशेहून जास्त तास दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टर चालला पाहिजे. स्वतः चालवलात तर तासाला ६०० सुटतात आणि अडीचशेच्या आत भागते. पण मग तुमची मजुरी तुम्ही फुकट धरलीत. हे तास सबंध वर्षभर मिळत नाहीत. उन्हाळी नांगरट, खरिपाआधीची मशागत आणि रब्बीची पेरणी एवढ्यातच ते गोळा करायचे असतात. तुमच्या गावात आधीच किती ट्रॅक्टर उभे आहेत ते मोजा. दोन असतील तर जमेल. बारा असतील तर तेरावा कोणाच्या रानात जाणार?

आणि काम मिळाले म्हणजे पैसे मिळाले असे नाही. गावात भाडे सोयाबीन विकल्यावर, ऊस गेल्यावर, कधी पुढच्या पाडव्याला मिळते. डिझेल मात्र रोख. ज्याला सख्ख्या दोस्ताकडे तीनदा पैसे मागता येत नाहीत, त्याने हा धंदा करू नये असे मला वाटते, आणि बहुतेक फौजी मंडळींना मागता येत नाहीत. शिवाय भाड्याने मिळालेले हे पैसे शेतीचे उत्पन्न धरले जात नाहीत, आयकराच्या दृष्टीने तो व्यवसाय आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हा खरा फायदा आहे. पण ट्रॅक्टर स्वस्त झाला म्हणून तुमच्या चार एकरांतले तास वाढत नाहीत.

तरीही घ्यायचाच असेल, तर कर्जाच्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली व्याजाच्या दराची. पीक कर्ज वेळेवर फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याजात सवलत असते, ती सवलत ट्रॅक्टरला नाही. ट्रॅक्टरचे कर्ज हे मुदतीचे कर्ज आहे, त्याचा दर वेगळा. ‘फ्लॅट ९ टक्के’ असे कोणी सांगितले तर वही काढा. ६ लाखांवर पाच वर्षे फ्लॅट ९ टक्के म्हणजे २,७०,००० व्याज, कारण तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पूर्ण ६ लाखांवरच लागते. तोच ९ टक्के दर शिल्लक मुद्दलावर असेल आणि दरमहा हप्ता भरला, तर पाच वर्षांचे व्याज साधारण १,४७,००० होते. फरक सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे फ्लॅट ९ टक्के हा प्रत्यक्षात १६ टक्क्यांच्या जवळ जाणारा दर आहे. अनुदानाच्या आशेवर असाल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही, आणि मिळते तेही खरेदीनंतर खात्यात जमा होते. कर्ज फिटले की सातबारावरचा बोजा आणि आरसी बुकावरची बँकेची नोंद काढून घ्या, ती आपोआप निघत नाही.

दुसरी गोष्ट जामीन. इथे पैशापेक्षा माणसे जास्त जातात. ‘तू पेन्शनवाला आहेस, फक्त सही कर’ असे शेजारी म्हणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते. तुम्ही घेतलेली जामिनकी तुमच्या कर्जाच्या नोंदीतही दिसते, म्हणून उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की ती समोर येते. सही करण्याआधी स्वतःला विचारा, ही रक्कम मी त्याला हातात देऊन विसरू शकतो का? उत्तर नाही असेल तर तुम्हाला झेपेल एवढी रक्कम उसनी द्या, तारीख लिहून द्या, आणि जामिनाला नाही म्हणा. वाईट एकदाच वाटते.

आता ट्रॅक्टर सांगणाऱ्याची खरी अडचण. पाऊस पडतो, वाफसा येतो, आणि सगळ्या शिवाराला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असतो. सांगितलेला ट्रॅक्टर येत नाही, वाफसा जातो, पेरणी लांबते. माणसे ट्रॅक्टर विकत घेतात ती यामुळे, आणि ही तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय असा की मे महिन्यातच ट्रॅक्टरवाल्याशी बोलून थोडी उचल द्यायची आणि काम झाले की बांधावरच रोख पैसे द्यायचे. दहा जणांनी बोलावले तर ट्रॅक्टरवाला आधी कोणाच्या रानात जातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून हंगामाचे २४,००० बचत खात्यात वेगळे ठेवा, त्यांना दिवाळीला हात लावू नका.

दुसरा उपाय जुना आहे. एकेक बैल असलेले दोघे वारंगुळा करून जोडी जुंपत. एकाच्या रानात इर्जिक असली की गावचे नांगर एका दिवसात रान पालथे घालत आणि मालक सगळ्यांना जेवू घाली. पैरा, सावड ही त्याचीच भावंडे. बैल गेले तरी रीत वापरता येते. बांधाला बांध लागलेले तिघे-चौघे मिळून एक ट्रॅक्टर घेऊ शकतात. गट केलात तर अवजार बँकेच्या सरकारी योजनेतून मदत मिळते का ते तालुका कृषी कार्यालयात विचारता येते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत अशी तरतूद आहे.

पण बैल वाटून घेणे आणि यंत्र वाटून घेणे यात फरक आहे. बैल दमला की दिसतो. इंजिन दमलेले दिसत नाही. म्हणून ट्रॅक्टरवरचे तासांचे मीटर हाच साक्षीदार. एक वही ट्रॅक्टरबरोबर फिरली पाहिजे, त्यात नाव, सुरुवातीचे मीटर, शेवटचे मीटर, भरलेले डिझेल. प्रत्येक तासाला ठरलेली रक्कम दुरुस्तीच्या खात्यात, मालक असो वा नसो. वाफशाच्या वेळी पहिला नंबर कोणाचा हे दरवर्षी एक घर पुढे सरकेल असे आधीच लिहून ठेवा. आरसी बुक आणि विमा कोणाच्या नावावर, आणि एखाद्याला बाहेर पडायचे तर त्याचा हिस्सा कोणत्या हिशेबाने परत, हेही. मडगार्डवर कोणी बसायचे नाही. तो पडला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि ती रक्कम चारही घरांना बुडवू शकते.

पुढच्या रजेत गावी गेलात की ज्याने पाच-सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला त्याच्या ओट्यावर बसा. मीटर वर्षाला किती तास फिरते ते विचारा. उधारी किती राहिली ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाला तो नुसता हसला, तर चहा येऊ द्या आणि मग टायर कितीला पडले ते विचारा.