घरात ठेवलेल्या सशांच्या व गिनीपिगांच्या पिंजऱ्यांची दुर्गंधी

कोंबड्या व शेळ्या यांच्या जोडीला आपल्याकडे काही गावांतून ससे पाळले जातात. शहरालगतच्या गावांत मुलांच्या हौसेखातर आणलेले गिनीपिगही क्वचित दृष्टीस पडतात. हे प्राणी लहान, त्यांना जागा थोडी लागते, आवाजाचा उपद्रव नाही आणि चाराही बहुतांशी बांधावरचा व परसातला असतो. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी शेड न बांधता पिंजरे पडवीत, ओटीवर किंवा माजघराच्या कोपऱ्यात ठेवण्याकडे लोकांचा कल असतो. उन्हाळ्यात याची विशेष अडचण भासत नाही. पाऊस सुरू झाला म्हणजे मात्र पिंजऱ्यांना उग्र वास येऊ लागतो, घरात कुरबुर होते, शेजारी बोलू लागतात आणि अखेर जनावरे मिळेल त्या किमतीस देऊन टाकली जातात. माझ्या पाहण्यात ज्यांनी हा जोडधंदा सोडला, त्यांपैकी पुष्कळांनी तो चाऱ्याच्या खर्चापायी नव्हे, तर या वासापायी सोडला.

वास घालविण्याचे जे उपाय गावात केले जातात, त्यांपैकी काही निरुपयोगी व काही अपायकारक आहेत. त्यांपैकी एक उपाय मी स्वतःच एका कुटुंबास सांगितला होता. कोकणातील एका घरी श्रावणात जाण्याचा प्रसंग आला. पडवीत बारा ससे होते. पावसाची झड येऊ नये म्हणून पडवी वरपासून खालपर्यंत प्लास्टिकच्या कापडाने बंद केलेली होती आणि तेथेच घरातील आजींची खाट होती. आत पाऊल टाकताच डोळ्यांना झोंबले. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आम्हाला तर काही जाणवत नाही. रोज झाडून काढतो." त्या खोटे बोलत नव्हत्या. दोन ससे शिंकत होते व त्यांच्या पुढच्या पायांचे केस चिकट झालेले होते. मी ट्रेमध्ये चुना पसरण्यास सांगून निघालो. आठ दिवसांनी गेलो तेव्हा वास अधिकच तिखट झालेला होता. चूक माझी होती. तिचे कारण समजून घेतले म्हणजे या विषयातील बहुतेक सर्व गोष्टी समजतात.

वास कशाचा?

सशाच्या किंवा गिनीपिगाच्या लेंड्या कोरड्या असताना त्यांना फारसा वास नसतो. ताज्या मूत्रासही तीव्र वास नसतो. मूत्रात युरिया असतो. लेंड्यांतील व जमिनीवरील जंतू ओल मिळाली की या युरियाचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू तयार होतो. नाकाला झोंबणारा वास तो हाच. म्हणजे मूत्र, लेंडी, ओल व काही तासांचा अवधी या चार गोष्टी एकत्र आल्या की अमोनिया तयार होतो. त्यांपैकी मूत्र व लेंडी आपल्याला टाळता येत नाहीत. ओल आणि अवधी मात्र आपल्या हातात आहेत.

पदार्थ आम्लधर्मी असेल तर अमोनिया त्यातच बद्ध राहतो. अल्कधर्मी असेल तर तो मोकळा होऊन हवेत जातो. चुना अल्कधर्मी आहे. ओल्या मूत्रावर चुना पडला की साठलेला अमोनिया एकदम बाहेर पडतो. चुलीतील राखही याच गुणाची आहे, आणि राख तर घरोघरी पिंजऱ्याखाली टाकली जाते. कोरड्या जागी ती थोडी ओल शोषून घेते हे खरे. परंतु मूत्राने भिजलेल्या ट्रेमध्ये ती चुन्याचेच काम करते. म्हणून जनावरे पिंजऱ्यात असताना ट्रेमध्ये चुना किंवा राख टाकू नये. पिंजरा रिकामा करून, धुऊन, वाळवून झाल्यावर भिंतीला चुन्याचा हात देण्यास हरकत नाही.

अमोनिया ही केवळ गैरसोय नव्हे. माणसाने दिवसभर काम करावयाच्या जागी हवेच्या दहा लक्ष भागांत २५ भागांहून अधिक अमोनिया नसावा असे मानतात. आपण पडवीतून ये-जा करतो. सशाचे नाक मात्र रात्रंदिवस ट्रेपासून वीतभर अंतरावर असते. अमोनियाने नाकाच्या व श्वासनलिकेच्या आतील नाजूक आवरणास इजा होते आणि पाश्चुरेला नावाच्या जंतूस शिरकाव मिळतो. शिंका, नाकातून पांढरट स्राव व पुढच्या पायांचे चिकट केस ही त्याची लक्षणे होत, कारण ससा पुढच्या पायांनी नाक पुसतो. असे जनावर वेगळे ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलीन वर्गातील औषधे तोंडावाटे दिल्यास ससा व गिनीपिग या दोहोंच्या आतड्यांत बिघाड होऊन ते दगावू शकतात.

घरातल्यांना वास का येत नाही?

सतत त्याच हवेत राहणाऱ्याच्या नाकास तिची सवय होते. म्हणून परीक्षा करावयाची ती सकाळी शेतावरून किंवा विहिरीवरून परत येताना, पहिल्याच क्षणी, पिंजऱ्याच्या उंचीवर खाली बसून करावी. डोळे चुरचुरले तर अमोनिया फार झाला असे समजावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी आणखी एक सोपी खूण आहे. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत तांबडा लिटमस कागद असतो. त्याची पट्टी स्वच्छ पाण्याने ओली करून, कशालाही न टेकविता, ट्रेच्या वर धरावी. ती निळी झाली तर हवेत अमोनिया आहे. किती आहे हे त्यावरून कळत नाही. परंतु "आम्हाला वास येत नाही" असे म्हणणाऱ्या घरी बोलण्यापेक्षा ही पट्टी अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

ओल कोठून येते?

अडीच किलो वजनाचा ससा कोरड्या खाद्यावर दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पितो. बारा सशांचे तीन लिटर झाले. त्याचा मोठा भाग मूत्ररूपाने ट्रेमध्ये येतो आणि सांडलेले पाणी वेगळेच. उथळ वाटी किंवा डब्याचे झाकण पाण्यासाठी ठेवल्यास जनावर त्यात पाय घालते, ते उलटविते आणि अंथरण भिजवते. त्याऐवजी जड मातीचे परळ एका बाजूस बांधून ठेवावे किंवा निपल बसविलेली बाटली पिंजऱ्यास बाहेरून अडकवावी. गिनीपिगास निपलशी खेळण्याची खोड असते, त्यामुळे पाणी ठिबकत राहते. तेव्हा बाटलीखाली लहान वाटी ठेवून ती रोज ओतून टाकावी.

सशासाठी जाळीची तळजमीन सोयीची असते. सुमारे १२ बाय २५ मिलिमीटर छिद्रांच्या जाळीतून लेंडी खाली पडते व पाय अडकत नाही. जाळीला टोके किंवा गंज असू नये आणि विश्रांतीसाठी एका बाजूस फळी द्यावी, नाहीतर तळपायास जखमा होतात. गिनीपिगाचे पाय बारीक असून ते, विशेषतः पिलांचे, जाळीत अडकून मोडतात. त्यास सपाट तळ व त्यावर अंथरण हेच योग्य.

ससा बहुधा एकच कोपरा मूत्रासाठी निवडतो. ही सवय फार उपयोगाची आहे. कोपरा ओळखावा, त्याखालचा ट्रे किंचित उतरता बसवावा व उताराच्या टोकाशी डबा ठेवावा. मूत्र वाहून गेले आणि लेंड्या कोरड्या राहिल्या की निम्मे काम झाले. रोज सकाळी त्या कोपऱ्याखालचा ओला भाग काढावयाचा. सारा पिंजरा रोज उपसण्याची आवश्यकता नसते.

अंथरणाविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. भाताचे तूस कोकणात मुबलक मिळते व सर्वजण तेच वापरतात. परंतु तूस पाणी फारसे शोषत नाही. ते मोकळे राहते, हवा खेळती ठेवते, इतकाच त्याचा गुण. काथ्याचा वाळलेला भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, म्हणून खाली काथ्याच्या भुशाचा थर व वर तूस किंवा कापलेला पेंढा हे जुळते. देशावर काथ्या नसेल तेथे ट्रेच्या तळाशी चाळलेली, उन्हात खडखडीत वाळविलेली काळी माती दोन बोटे पसरावी. चिकणमातीचे कण अमोनिया धरून ठेवतात. ही माती पावसाळ्यापूर्वी पोत्यांत भरून ठेवावी लागते. आषाढात कोरडी माती शोधणाऱ्यास ती मिळत नाही. बारीक लाकडी भुसा, विशेषतः खोक्यांच्या सुवासिक लाकडाचा, गिनीपिगाच्या नाकाडोळ्यांत जातो, तो टाळावा. भुईमुगाची टरफले दमट झाल्यास बुरशी धरतात, तेव्हा पावसात तीही नकोत.

काय टाकावे, काय टाकू नये?

मातीबरोबर ट्रेच्या तळाशी मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट पसरल्यास अमोनिया बद्ध होण्यास मदत होते, कारण हे खत आम्लधर्मी आहे. गोठ्यातील मूत्राचे नत्र राखण्यासाठीही ते वापरले जाते. मात्र ते फक्त जाळीखालच्या ट्रेमध्ये टाकावे. जनावराच्या तोंडास किंवा पायास लागेल असे टाकू नये. गिनीपिगाच्या सपाट तळाच्या पिंजऱ्यात ते मुळीच वापरू नये.

फिनेल टाकल्याने अमोनिया नाहीसा होत नाही. एका वासावर दुसरा वास चढतो आणि फिनेलमधील द्रव्ये चाटण्यात गेल्यास या लहान जनावरांस बाधतात. उदबत्ती व धुरी यांचा धूर आजारी नाकास आणखी त्रास देतो. यांहून गंभीर गोष्ट टी.सी.एल. पावडरीची आहे. पिण्याच्या पाण्यासाठी आणलेली ही पावडर काही जण पिंजऱ्याखाली टाकतात. तिचा अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामीन नावाचे विषारी वायू तयार होतात. तीच पावडर व्हिनेगरसारख्या आम्ल पदार्थात मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद पडवीत हे जनावरांस व माणसांस दोघांसही धोक्याचे आहे.

ट्रेवर जो पांढरा, खडबडीत थर बसतो तो मूत्रातील चुन्याच्या क्षारांचा असतो. वास त्यातच मुरतो व साबणाने तो निघत नाही. समभाग पाणी घातलेले व्हिनेगर किंवा आमसुलाचे दाट पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, काथ्याने घासावे, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. जस्ताच्या पत्र्यावर आम्ल त्याहून अधिक वेळ ठेवू नये. प्रत्येक पिंजऱ्यास दोन ट्रे असावेत, म्हणजे एक वाळत असता दुसरा कामी येतो. लाकडी ट्रेमध्ये मूत्र मुरते. कितीही धुतला तरी त्याचा वास जात नाही.

हवा व चारा

अमोनिया हवेहून हलका असल्याने वर जातो. त्यास वरून वाट हवी. पडवी बंद करावयाची तर खालून पिंजऱ्याच्या उंचीपर्यंत करावी व छपराखालची हातभर जागा मोकळी सोडावी. झड अंगावर येऊ नये, पण हवा कोंडू नये.

पावसाळी कोवळा चारा पाणीदार असतो. तो सकाळी कापून दोन-तीन तास सावलीत पसरून सुकवावा, मगच घालावा. कोबीची पाने भरमसाट घातल्यास लेंडी सैल होते. चाऱ्यात प्रथिने गरजेपेक्षा अधिक झाली तर वाढीव नत्र मूत्रातूनच बाहेर पडते, म्हणून पेंडीचा हात आखडता ठेवावा व वाळले गवत सदैव पुढे असावे. परंतु वासाच्या भीतीने गिनीपिगाचा हिरवा चारा बंद करणे ही मोठी चूक होय. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज न मिळाल्यास सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते व जनावर खंगत जाते. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पेरूची फोड यांपैकी काहीतरी रोज द्यावेच. या प्राण्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आहे. पेरूसारख्या देशांत तो शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरातच वाढविला जातो आणि त्याचे खत शेतात जाते. म्हणजे घरात ठेवणे हा काही मूळ दोष नव्हे.

झोंबणाऱ्या वासाऐवजी सडका वास येत असेल तर तो अमोनियाचा नव्हे. उरलेला चारा कुजत असेल किंवा जनावरास हगवण लागली असेल. मागील भाग उचलून पाहावा. तेथे केस भिजलेले असल्यास पावसात माश्या अंडी घालतात व अळ्या कातडीत शिरतात.

त्या कोकणातील घरी चुना काढून टाकला, प्लास्टिक वरून हातभर खाली घेतले, आजींची खाट माजघरात हलविली आणि ट्रेमध्ये काथ्याचा भुसा घातला. चौथ्या दिवशी लिटमसची पट्टी तांबडीच राहिली. शिंकणाऱ्या दोन सशांपैकी एक बरा झाला. दुसरा मी पहिल्यांदा गेलो तेव्हाच फार आजारी होता, तो वाचला नाही. उरलेले अकरा त्यांनी विकले नाहीत.

काढलेले ओले अंथरण परसात उघड्यावर टाकू नये. हवेत गेलेला अमोनिया म्हणजे खतातून गेलेले नत्रच होय. हातभर खोल खड्ड्यात रोजचे अंथरण टाकून त्यावर बोटभर मातीचा थर द्यावा. वर झावळांचे छप्पर करावे, म्हणजे पावसाचे पाणी शिरणार नाही. खड्डा भरल्यावर तीन-चार महिने तसाच राहू द्यावा व कुजलेले खत मिरची-वांग्याच्या वाफ्यांस द्यावे.