विटेची मोटार आणि सहा नंबरची जर्सी



कबड्डी, खो-खो, क्रिकेट हे खेळ आपल्याला ठाऊक आहेत. आज एका वेगळ्या खेळाची आणि त्या खेळातल्या एका कप्तानाची ओळख करून घेऊ. खेळाचे नाव रग्बी. कप्तानाचे नाव सिया कोलिसी. देश दक्षिण आफ्रिका. गांधीजींना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यातून खाली उतरवले, तोच हा देश.

खेळ कसा असतो?

रग्बीचा चेंडू लांबट असतो, छोट्या पपईसारखा. प्रत्येक बाजूला 15 खेळाडू असतात आणि सामना 80 मिनिटे चालतो. चेंडू घेऊन पळायचे आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात. त्याचे 5 गुण. गंमत म्हणजे पळायचे पुढे, पण हाताने चेंडू द्यायचा तो मागे किंवा बाजूला. पुढे फेकला की चूक! ज्याच्या हातात चेंडू असेल त्यालाच धरून पाडता येते. आपली कबड्डीतली कंबरपकड आठवा, म्हणजे लगेच समजेल.

सियाचे बालपण

सियाचा जन्म 16 जून 1991 चा, पोर्ट एलिझाबेथ शहराजवळच्या झ्वीडे नावाच्या गरीब वस्तीतला. त्या देशात माणसांची रंगावरून नोंद करायचा कायदा होता. कुठे राहायचे, कुठल्या शाळेत जायचे, सगळे त्या नोंदीवर ठरायचे. सियाच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी तो कायदा रद्द झाला. पण कायदा गेला म्हणून गरिबी थोडीच जाते?

सियाला आजीने वाढवले. खेळायला खेळणे नव्हते, तर हा एक वीट घ्यायचा आणि तीच मोटार म्हणून मातीत फिरवायचा. घरात खायला थोडे असले की आजी नातवाला द्यायची आणि स्वतः तशीच राहायची. कित्येकदा दिवसभरातले त्याचे खाणे एकच असायचे. ते म्हणजे शाळेत मिळणारा, वाटलेले शेंगदाणे लावलेला पाव.

दुपारच्या सुट्टीत आपणही ताट घेऊन रांगेत बसतो. आपल्यातले काहीजण अर्धी खिचडी टाकून देतात. सियाने तो पाव कधी टाकला असेल का?

तो बारा वर्षांचा असताना एका स्पर्धेत जाणकारांनी त्याचा खेळ पाहिला. त्या स्पर्धेत घालायला त्याच्याकडे रग्बीची चड्डी नव्हती, म्हणून आतल्या साध्या चड्डीवरच तो खेळला. खेळ पाहून ग्रे नावाच्या मोठ्या शाळेने त्याला शिष्यवृत्ती दिली. तिथे सगळे इंग्रजीत चाले आणि सियाची भाषा खोसा. मग एका वर्गमित्राने त्याला इंग्रजी शिकवले आणि त्याने मित्राला खोसा!

सहा नंबरची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेच्या संघाची जर्सी हिरवी. फार वर्षे ती फक्त गोऱ्यांची होती. काळे लोक मैदानावर आले तर विरुद्ध संघासाठी टाळ्या वाजवायचे. 1995 चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेने जिंकला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला हीच हिरवी जर्सी घालून मैदानात आले. पाठीवर गोऱ्या कप्तानाचा नंबर होता, सहा. त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता आणि सिया तेव्हा चार वर्षांचा होता.

2007 चा अंतिम सामना सियाने बाहेर जाऊन पाहिला, कारण घरी टीव्ही नव्हता. 2013 मध्ये तो स्वतः देशासाठी खेळला. 2018 मध्ये तो कसोटी संघाचा पहिला काळा कप्तान झाला. कप्तान म्हणून पहिल्याच सामन्यात इंग्लंडने 24-3 अशी आघाडी घेतली. तरी सियाचा संघ 42-39 ने जिंकला. त्याच्या पाठीवरचा नंबर कोणता? सहाच!

2019 मध्ये जपानला विश्वचषक झाला. पहिलाच सामना हरूनही अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला 32-12 असे हरवले. सियाचे वडील तो सामना पाहायला आले होते. प्रशिक्षक रासी इरॅस्मस तेव्हा म्हणाले की, खेळाचे दडपण ते काय, खरे दडपण हाताला काम नसण्याचे असते.

एप्रिल 2023 मध्ये सियाचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया झाली. तरी ऑगस्टमध्ये तो मैदानात परत आला. त्या वर्षी फ्रान्समध्ये उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने त्याच्या संघाने एकेकाच गुणाने जिंकले! अंतिम सामन्यात न्यूझीलंडला 12-11. दक्षिण आफ्रिकेचा हा चौथा विश्वचषक.

आपण काय घ्यायचे?

सियाच्या अंगात गुण होतेच. पण आजीचा घास, शाळेतला पाव, शिष्यवृत्ती आणि भाषा शिकवणारा मित्र यांतले एक जरी नसते, तर ते गुण झ्वीडेच्या मातीतच राहिले असते. तो हे विसरला नाही. आई गेल्यावर दुरावलेली लहान भावंडे त्याने शोधून आपल्या घरी आणली. गरजूंना मदत करायला 2020 मध्ये संस्था काढली.

आपल्या वर्गातही कुणाकडे बूट नसतील, कुणाला भाषा अडत असेल. त्या वर्गमित्रासारखे आपण त्याच्या शेजारी बसायचे.

सांगा पाहू!
1. रग्बीत हाताने चेंडू कोणत्या दिशेला फेकता येत नाही?
2. सहा नंबरची जर्सी 1995 मध्ये मैदानावर कोणी कोणी घातली होती?
3. घरी आजीला विचारा : तुम्ही आमच्यासाठी कधी उपाशी राहिलात का?