४२९४९६७२९७ च्या मागे लागून

मोठ्या संख्यांचे अवयव वहीत पाडत बसायचा मला जुना नाद आहे. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की येणाऱ्या ४,२९,४९,६७,२९७ या संख्येने सगळ्यांत जास्त शिकवलं.

१. आधी स्वल्पविराम पुसावेत. लाख-कोटींची मांडणी वाचायला बरी, पण ७, ११, १३ च्या कसोटीला तिचा उपयोग नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने वजा-अधिक करावं: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. ३८० ला या तिघांनीही पूर्ण भाग जात नाही, म्हणजे आपल्या संख्येलाही नाही. ७ × ११ × १३ = १००१, त्याचीच ही करामत.

२. मोठ्या नावाला दबू नये. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या निघाल्या, तेव्हा याच साच्यातली पुढचीही मूळच असणार, असं फर्माने १६४० च्या सुमारास ठरवून टाकलं. १७३२ मध्ये ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

३. भागत सुटण्याआधी विभाजक कसा दिसेल ते पाहावं. वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं पुढे, आणि तिथवर मूळ संख्या ६५४२. एवढे भागाकार कोण करणार! पण इथला प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठाच असावा लागतो, हे ऑयलरने सिद्ध केलं. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते. पुढे ६४ च्या जागी १२८ घेता येतात हेही कळलं. त्यामुळे ६७००४१७ मूळ आहे का, हे तपासायला ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच पुरतात. चौघांनीही बाकी उरते.

मला मात्र भागाकाराशिवायची वाट जास्त आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची १. तो घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. ६२५ च्या जागी −१६ ठेवले की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवा, शून्य!

४. एकाच साक्षीदारावर विसंबू नये. फर्माच्याच कसोटीत २ हा पाया घेतला तर ही संख्या बिनदिक्कत मूळ म्हणून खपते. ३ घेतला की पकडली जाते.

५. शेजारी विचारावेत. दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने, निदान तत्त्वतः, काढता येतो. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज आजवर कोणालाही माहीत नाही. आपल्या संख्येएवढ्या बाजूंचा काढताच येत नाही.