काचबिंदूचे थेंब डोळ्यात किती, गालावर किती?

रक्तदाबासाठी माझ्याकडे नियमित येणारे एक निवृत्त शिक्षक परवा वैतागून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वर्षभर डोळ्यात थेंब घालतोय. एका दिवसाचा खाडा नाही. तरी डोळ्याचा दाब उतरत नाही. आता ऑपरेशनचं बोलतायत."

थेंबांची वेळ झालीच होती. मी म्हटले, "गुरुजी, माझ्यासमोर घालून दाखवा." पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा गालावर. तिसरा डोळ्यात गेला. पण गुरुजींनी डोळा भराभर मिचकावून रुमालाने पुसून टाकला. औषध डोळ्यात टिकतच नव्हते!

काचबिंदूत बहुधा डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट होत नाही, आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांना दुखत नाही. नजर कडेकडेने कमी होत असल्याने लवकर कळतही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते, तसे येथे नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंबांचे काम उरलेली नजर राखण्याचे आहे. म्हणूनच थेंब घालून 'फरक' जाणवत नाही आणि पुष्कळ रुग्ण बाटली संपली की औषध सोडतात. ही चूक महागात पडते.

थेंब असे घालावेत :

१) हात साबणाने धुवावेत. मान मागे टेकवावी किंवा आडवे व्हावे.

२) खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी, वर पाहावे आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. दोन घातले तरी जादा औषध बाहेरच ओघळते.

३) बाटलीचे टोक डोळ्याला वा पापणीला लागू देऊ नये.

४) डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने २-३ मिनिटे दाबून धरावा. नाहीतर औषध नाकात व घशात उतरून रक्तात मिसळते.

५) दोन प्रकारचे थेंब असल्यास मध्ये निदान ५ मिनिटे जाऊ द्यावीत.

६) बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या ४ आठवड्यांनंतर वापरू नयेत.

हात थरथरत असल्यास घरच्या माणसाची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. टिमोलॉलसारख्या थेंबांनी दमा उसळू शकतो, नाडी मंदावू शकते. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञांना तसे आधी सांगावे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही बाटली दाखवावी. गुरुजींच्या गोळ्या मी दर महिन्याला तपासत होतो, पण थेंबांविषयी वर्षभरात एकदाही विचारले नव्हते. ती चूक माझी.

आता गुरुजींची सून रोज दोन वेळा थेंब घालते. इतके दिवस औषध डोळ्यात जात नव्हते, हे नेत्रतज्ज्ञांना न लाजता सांगा, असे मी त्यांना बजावले आहे. ऑपरेशन टळेलच असे नाही; तो निर्णय दाब पुन्हा मोजून नेत्रतज्ज्ञच घेतील. पण खरी हकिगत कळल्याशिवाय त्यांनी तरी तो कसा घ्यावा?

वाचकहो, आपल्या घरात कोणाला काचबिंदू असेल तर आज त्यांच्या शेजारी बसा आणि थेंब कोठे पडतो ते पाहा. हा विकार कुटुंबात चालत येतो. तेव्हा त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनीही आपले डोळे तपासून घ्यावेत.